रजिस्टरातले दोन रकाने

मे महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारचे साडेचार. ठिकाण शिरूर, आमच्या ख्रिस्ती मंडळीचं कबरस्तान. हजर: माझी रूथआत्या, आदल्या संध्याकाळी विधवा झालेली, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील, दौंडहून ड्यूटी बदलून आलेले, आई, आत्याची शेजारीण सुमनमावशी, पाळकसाहेब, पंच कमिटीचे चौघे, मंडळीतली साठ-सत्तर माणसं, शिक्रापूरहून टेम्पोतून आलेले खानावळीतले कामगार आणि आठ-दहा ट्रक ड्रायव्हर, चपला काढून लांब उभे राहिलेले, आणि मी, वय सोळा, दहावीच्या निकालाची वाट बघणारी. पेटीत शांतवन मामा, आत्याचे यजमान. ही यादी मी त्याच आठवड्यात लिहून ठेवली, म्हणून खात्रीनं सांगते. त्या दिवशी पाळकसाहेबांना नेमकं काय म्हणायचं होतं, हे नंतर मला पुष्कळांनी समजावलं. तसं नव्हतं म्हणायचं त्यांना, असंही समजावलं. मी चार हातांवर उभी होते. तसंच म्हणायचं होतं.

याद्यांची सवय वडिलांची. ते दौंडच्या रेल्वे यार्डात सिग्नल केबिनवर होते. आमचं क्वार्टर रुळांपासून इतकं जवळ, की मालगाडी गेली की मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे आणि आई पोळपाटावरचा हात थांबवून गाडी पुढं जायची वाट बघायची. वडील केबिनमधली जुनी, संपलेली रजिस्टरं घरी आणायचे, कारण त्यांची मागची बाजू कोरी असे. माझा सगळा अभ्यास त्या पाठकोऱ्या पानांवर झाला. पुढच्या बाजूला वडिलांच्या तिरक्या अक्षरात गाडी नंबर, कुठल्या लायनीवर घेतली, किती वाजता आली, किती वाजता सोडली, सही. मी लहानपणी विचारलं होतं, एवढं कशाला लिहायचं, गाडी तर सगळ्यांना दिसते. ते म्हणाले, "दिसती त्याला दिसती. उद्याच्याला वेळ न्हाई, लाईन न्हाई, सही न्हाई, तर मी निसती गोष्ट सांगतोय म्हणतील." हे वाक्य मला आयुष्यभर पुरलं. आज मी शिक्रापूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते, आणि माझ्याकडून एक बोल्टसुद्धा सहीशिवाय बाहेर जात नाही.

शांतवन मामांची खानावळ शिक्रापूरला, रस्त्याला लागून. तेव्हा तिथं कारखाने नुकते उभे राहत होते. भाड्याच्या खोल्यांतली पोरं, ट्रकवाले, सगळे तिथं जेवायचे. मामांचा मटणाचा रस्सा काळपट, वर तर्रीचा जाड थर, बाजरीची भाकरी ताटाबाहेर लोंबणारी, आणि कांदा मुठीनं फोडलेला. सुरीनं कापलेला कांदा मामांना चालत नसे. आठवडाभर ते तिकडं, शनिवारी रात्री शिरूरला, रविवारी उपासनेत तिसऱ्या बाकावर. रविवारी दुपारी पाळकसाहेब त्यांच्याकडं जेवायला. नळी पाळकसाहेबांच्या ताटात, हे ठरलेलं. मामा-आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून सुट्टीत आम्ही तिथं. मामा मला "मास्तरीण" म्हणायचे, कारण मी त्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: धने, खसखस, दगडफूल.

खानावळीच्या मागच्या दाराशी एक म्हातारा बसायचा. पायावर जुनी, न भरणारी जखम, भोवती माश्या, आणि हाडांच्या आशेनं दोन कुत्री. सगळे त्याला नुसतं आबा म्हणत. त्याचं नाव दगडू, हे फक्त मामांना माहीत होतं, कारण त्यांनी विचारलं होतं. तीन वर्षं मामांनी त्याला रोज दोन वेळा रस्सा-भाकरी दिली. मग एका डिसेंबरात जेवायला आलेल्या काही साहेबलोकांनी जखमेच्या वासाची तक्रार केली, आणि गर्दीच्या घाईत मामा आबांना म्हणाले, जरा पलीकडं बसा, रस्त्याच्या त्या बाजूला. आबा गेले. सकाळी रस्त्याच्या मोरीच्या कठड्याशी गारठून मेलेले सापडले. मामांनी स्वतः पुढं होऊन त्यांची माती केली. घरी आल्यावर मामा दोन दिवस जेवले नाहीत, आणि मग पाळकसाहेबांकडं जाऊन रडले. हे आत्यानं मला सांगितलं. म्हणजे मंडळीत ही गोष्ट तिघांना माहीत होती: मामांना, आत्याला आणि ज्यांच्यापाशी विश्वासानं सांगितली त्यांना.

आता कबरस्तानात परत येते. पाळकसाहेबांनी लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा भाग वाचला. जांभळी वस्त्रं नेसून रोज चैन करणारा श्रीमंत, त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर, कुत्री त्याचे फोड चाटतात, दोघे मरतात, लाजर अब्राहामाच्या उराशी, श्रीमंत ज्वाळेत, आणि तो श्रीमंत विनवतो, लाजरानं बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी. ते मिळत नाही. पुस्तक मिटून पाळकसाहेब म्हणाले, "बंधुभगिनींनो, पुष्कळ लोक याला दृष्टांत समजतात. हा दृष्टांत नाही. दृष्टांतात नावं नसतात, इथं नाव आहे. हे घडलेलं आहे. आणि आपल्या मंडळीतही एक दार होतं, त्या दाराशी एक माणूस होता. मी जास्त बोलत नाही."

जास्त बोलत नाही म्हणे. सत्तर माणसांनी एकदम पेटीकडं बघितलं. ट्रक ड्रायव्हरांना काही कळलं नाही, ते मामांच्या खऱ्या दुःखात उभे होते, त्यांचंच बरं होतं. आत्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि मला आठवतं, तिनं जिभेनं ओठ ओले केले. मे महिना होता, मला त्यात काही वाटलं नाही.

शोकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून तीन दिवस सुमनमावशीकडून पिठलं-भाकरी यायची. मावशीचं घर बौद्ध, भिंतीला भिंत लागून. नवरा सरकारी दवाखान्यात नोकरीला, मावशी स्वतः दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला. तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाली, आईवडील दौंडला गेले, आणि आत्याच्या सोबतीला मला ठेवलं. सोबत म्हणजे काय करायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी माझ्या पद्धतीनं करायला लागले: किती जेवली, किती झोपली, औषध घेतलं का, रजिस्टरच्या कोऱ्या पानावर नोंद. दुसऱ्याच दिवशी नोंदीतलं एक घर रिकामं राहिलं. भाकरी अर्धी, चहा दोन घोट, पाणी काहीच नाही. पेला भरून ठेवलेला तसाच. संध्याकाळी ती तांब्या घेऊन कबरस्तानात गेली, मी मागून गेले, तर ती ओल्या मातीच्या ढिगावर डोक्याच्या बाजूला बारीक धार सोडत होती, लहान मुलाला पाजावं तशी.

मी विचारलं तर म्हणाली, "त्यास्नी थेंब मिळंना आन् मी कशी गं घटाघटा पिऊ?"

माझ्या सोबतीच्या चौथ्या दिवशी तिला अंगणात भोवळ आली. सुमनमावशीनं उचलून आत आणलं, ओठ फुटलेले बघितले, माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि आत्याच्या समोर मांडी घालून बसली. मला वाटलं आता समजूत घालेल. मावशीला समजूत घालता येत नसे. ती म्हणाली, "तुमचं पाळक तिथं जाऊन बघून आलं का? कोण कुठं बसलंय, कुणाला तहान लागलीय? आन् बघून आलं आसतील तर परत कसं आलं, त्ये तरी सांगा." मग मावशीनं स्वतःचा पेला भरला, आत्याच्या पेल्याशेजारी ठेवला आणि सांगितलं, तू पीत नाहीस तोवर मी पीत नाही. ती सकाळपासून उन्हात खुरपून आली होती. दुपारी तीनपर्यंत दोघी तशाच बसल्या, मधे दोन भरलेले पेले. शेवटी आत्यानं मावशीचे ओठ बघून पेला उचलला आणि अर्धा प्यायली. उरलेलं अर्धं अंगणात सीताफळाच्या बुडाशी ओतलं. तेव्हापासून तिचा तोच हिशेब ठरला. अर्धं तिचं, अर्धं त्यांचं.

मावशीनं तिचा जीव वाचवला, यात शंका नाही. पण मला राग आलेला होता, आणि माझा राग यादी केल्याशिवाय निघत नाही. आत्याच्या मांडीवरचं जाड काळं पवित्र शास्त्र घेऊन मी ओट्यावर बसले. रजिस्टरच्या पानावर दोन रकाने आखले: घडलेलं, आणि दृष्टांत. दोन दिवस लागले. तोच लूक, जेव्हा घडलेलं सांगतो, तेव्हा वडिलांसारखी नोंद करतो: कुठल्या कैसराच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, अमुक प्रांतावर अमुक सुभेदार, तमुक गावचा अमक्याचा मुलगा. दृष्टांत सांगताना त्याला यातलं काही लागत नाही. कुणी एक माणूस होता, त्याला दोन मुलगे होते. कुणी एक श्रीमंत होता, त्याचा एक कारभारी होता. आणि त्याच कारभाऱ्यानंतर थोड्याच ओळींनी, अगदी तशाच सुरात, कुणी एक श्रीमंत होता, जांभळी वस्त्रं नेसायचा. गाव नाही, राजा नाही, साल नाही. श्रीमंताला तर नावही नाही. मग एका लाजराच्या नावानं तो रकाना बदलतो का? नाव असलं की घडलेलं असं धरायचं, तर चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात यरुशलेम आणि यरीहो अशी दोन खरी गावं आहेत. तरी त्यातल्या जखमी वाटसरूला ठेवून घेणाऱ्या उतारशाळेवाल्याचं घर शोधायला कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. शास्ते नावाच्या पुस्तकात झाडं राजा निवडायला निघतात. ती खरंच चालली होती असं पाळकसाहेबसुद्धा म्हणणार नाहीत.

आणि मग मला दावीद सापडला. नाथान संदेष्टा दावीद राजाकडं येऊन एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगतो, श्रीमंतानं ते हिसकावून पाहुण्याला रांधून घातलं अशी. दावीद ती घडलेली धरतो. भडकतो, त्या श्रीमंताला मारा म्हणतो. तेव्हा दुसऱ्याची बायको हिरावून घेतलेल्या त्या राजाला नाथान सांगतो, तो माणूस तूच आहेस. ओट्यावर बसून मी हे तीनदा वाचलं. दृष्टांताला घडलेलं समजण्याची चूक राजाकडूनही झाली होती, पण नाथाननं तो जिवंत राजाला सांगितला, तोंडावर, अजून काही बदलता येत होतं तेव्हा. मेलेल्याच्या पेटीवर उभं राहून नाही सांगितला. लाजराच्या गोष्टीचा शेवटही तोच आहे: श्रीमंताचे पाच भाऊ अजून जिवंत आहेत, त्यांना सावध करा. ती गोष्ट त्या पाचांसाठी आहे. आपल्या मंडळीत ते पाच कोण? मामांच्या रश्श्यातली नळी दर रविवारी कोण खात होतं? हे शेवटचं मी रकान्यात लिहिलं आणि मग खोडलं. आज वाटतं, खोडायला नको होतं.

आत्याला मी सगळं वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं, दावीदाच्या गोष्टीला मान हलवली. मग म्हणाली, "तू म्हंतीस त्ये पटतंय मला, बाळ. पण त्यांनी वरनं सांगितलंय. वरनं सांगितल्यालं वरनंच मागं घ्याया पायजे. वट्यावर बसून न्हाई." आमच्या मंडळीत हे असंच होतं. लग्नाची घोषणा वरून, शिस्तीची नोटीस वरून, माफीही वरून. घरात म्हटलेलं ते सांत्वन, पाळकांनी व्यासपीठावरून किंवा कबरीपाशी मंडळीसमोर म्हटलेलं ते खरं.

म्हणून मी पान फाडून पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले. त्यांनी सरबत दिलं, मी घेतलं नाही. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते हसले, आणि ते हसणं मी अजून विसरलेले नाही. म्हणाले, "हुशार आहेस. आम्हालाही ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं, तो दृष्टांतच आहे म्हणून." मी विचारलं, मग त्या दिवशी तसं का सांगितलंत. ते म्हणाले, "दृष्टांत म्हटलं की लोक हलकं घेतात. घडलेलं म्हटलं की घाबरतात. तू मोठी झालीस की कळेल तुला." मी सांगितलं की आत्या पाणी पीत नाही, अर्धं ओतते, रोज कबरीवर तांब्या नेते. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. बरोबर आहे, येत्या रविवारी दोन शब्द बोलतो, असं म्हणाले. मी लिहून घेतलं: रविवार, उपासनेत, व्यासपीठावरून. सही मागायचं धाडस झालं नाही.

रविवारी वडील सुट्टी घेऊन दौंडहून आले, पहाटेच्या एसटीनं, चौफुल्यावरून. आत्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा उपासनेला आली. तिसरा बाक, मामांची जागा मोकळी सोडून आम्ही तिघं. गीतं झाली, पेटी वाजली, पाळकसाहेब उभे राहिले. मंडपाच्या दुरुस्तीबद्दल बोलले. संडे स्कूलच्या बक्षिसांबद्दल बोलले. उपदेश दुसऱ्याच भागावर केला. एकदा त्यांची नजर आमच्या बाकावर आली आणि वरून निघून गेली. आशीर्वादासाठी त्यांनी हात वर केले, तेव्हा मी उभी राहिले. पान माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, दोन शब्द राहिलेत."

हजारेकाका पंच होते, ते म्हणाले, बस खाली पोरी, आशीर्वाद चाललाय. मी बसले नाही. वडिलांनी माझ्या ओढणीला धरून मला खाली ओढलं. आयुष्यभर वेळ आणि सहीशिवाय काही न मानणारे माझे वडील. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपुन पाव्हणे हाय इथं. तिला इथंच ऱ्हायचंय, तिचं कोण बघंल?" मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही, आणि त्यांनी मला बोलतं करण्याचा प्रयत्नही केला नाही, कारण आपलं चुकलं हे त्यांनाही ठाऊक होतं. आत्या काहीच म्हणाली नाही. घरी येऊन तिनं पेला भरला, अर्धा प्यायली, अर्धा ओतला.

कबरीला दगड बसवताना पाथरवटानं विचारलं, खाली वचन कुठलं. नाव, जन्म, मरण कोरून झालं होतं. आत्या म्हणाली, जागा सोड, वचन मागनं येईल, वरनं आलं की. त्यानं चार बोटं जागा सोडली, घासून गुळगुळीत केली. पाळकसाहेबांची दोन वर्षांनी बदली झाली. ते आता नाहीत. त्यांच्या मागून आलेल्या तिघांनाही मी भेटले. एक म्हणाले, जुना विषय कशाला. दुसरे म्हणाले, दृष्टांतच आहे, प्रश्नच नाही, पण आधीच्या पाळकांबद्दल वरून कसं बोलणार. तिसऱ्यांनी विचारलं, एवढी वर्षं झाली, अजून मनाला लावून घेतलंय? हो, लावून घेतलंय. एका बाईच्या घशातलं अर्धं पाणी अडवलंत, आणि ते अडवणारं वाक्य खोटं आहे हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मनाला नाही तर कशाला लावून घेणार?

इथवर माझा राग सरळ चालतो. पुढं तो वळतो, आणि ते लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. लग्नानंतर मी शिरूरलाच आले. आता कमिटीत बायका असतात. गेली चार वर्षं मंडळीची सेक्रेटरी मी आहे, आणि दर रविवारी उपासनेत सूचना मी वाचते. व्यासपीठावरून. कागद मीच टाईप करते, क्रमांक घालून: सभासदांचे वाढदिवस, आजारी लोकांसाठी प्रार्थना, पाण्याच्या टाकीची सफाई. सगळ्यात खाली, दर आठवड्याला, मी एक ओळ टाईप करते: श्रीमंत माणूस व लाजर हा दृष्टांत आहे, शांतवन मामांच्या दफनाच्या वेळी सांगितलेले चुकीचे होते. दर आठवड्याला त्या ओळीशी आले की पाळक आशीर्वादासाठी उभे राहतात, हजारेकाकांचा मुलगा घड्याळ बघतो, आणि मी कागद दुमडते. माझ्या ओढणीला आता कुणी धरलेलं नसतं.

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिसऱ्या बाकावर बसते, पिशवीत पाण्याची बाटली, अर्धी. मी व्यासपीठावर गेले की ती मान वर करून ऐकते, आणि मी खाली आले की काही विचारत नाही. परवाच्या रविवारी सूचना सात होत्या. सहा वाचल्या.